इलेक्ट्रिकल, ई अँड टीसी की इन्स्ट्रुमेंटेशन? परदेशात डिग्रीची कोणती ओळ वाचतात

सीईटीचा निकाल लागला की कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म समोर ठेवून घराघरांत एकच खल सुरू होतो. कॉम्प्युटर मिळेल असं वाटत नाही, मग इलेक्ट्रिकल घ्यायचं, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यायचं की इन्स्ट्रुमेंटेशन? आणि पुढे बाहेर जायचं असेल तर यातल्या कशाला स्कोप आहे? सल्ला देणारे नातेवाईक बहुधा एकाच देशाचा अनुभव सांगतात. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, ब्रँचने काही फरक पडत नाही. कुवेतला राहून आलेले शेजारचे काका म्हणतात, डिग्रीवर नेमकं नाव नसेल तर दारातूनच परत पाठवतात. दोघंही खरंच सांगत असतात, कारण प्रत्येक देश तुमच्या डिग्रीची वेगळी ओळ वाचतो.

जर्मनीतलं विद्यापीठ तुमच्या मार्कशीटमधले विषय आणि त्यांचे क्रेडिट मोजतं. अमेरिकेत तुमच्या बी.ई.च्या नावापेक्षा तिथे घेतलेल्या एम.एस.चा सरकारी कोड निर्णायक ठरतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि काही आखाती देश विचारतात, की तुमच्या कॉलेजच्या त्या ब्रँचला तुमच्या वर्षी मानांकन होतं का. म्हणून ब्रँच निवडण्याआधी निदान दोन देश आणि एक कामाचा प्रकार मनाशी धरायला हवा. चार वर्षांनी मत बदललं तर बदलू दे. पण आज काहीच न धरता भरलेला फॉर्म फक्त मागच्या वर्षीच्या कटऑफवर भरला जातो.

या तीन शाखा बहिणी-बहिणी आहेत. पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखं. दुसऱ्या वर्षातही नेटवर्क थिअरी, ॲनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, लाप्लास आणि फूरिए तिघींना कमी-अधिक असतंच, आणि कंट्रोल सिस्टिम्स कुणालाच चुकत नाही. खऱ्या वाटा तिसऱ्या वर्षापासून फुटतात.

इलेक्ट्रिकलवाले मशीन्स, पॉवर सिस्टिम्स, स्विचगिअर अँड प्रोटेक्शन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्हज शिकतात. काम म्हणजे सबस्टेशनचं डिझाइन, रिले सेटिंग, शॉर्ट सर्किट आणि लोड फ्लो स्टडी, सोलर-वाऱ्याची वीज ग्रिडला जोडणं, डेटा सेंटरची वीजव्यवस्था, इलेक्ट्रिक गाडीचा इन्व्हर्टर. ई अँड टीसीवाले सिग्नल्स अँड सिस्टिम्स, डिजिटल कम्युनिकेशन, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), व्हीएलएसआय (चिपची रचना), एम्बेडेड सिस्टिम्स करतात. नावात टेलिकम्युनिकेशन असलं तरी आजच्या नोकऱ्या मुख्यतः चिप डिझाइन, चिपची पडताळणी आणि एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये आहेत. इन्स्ट्रुमेंटेशनचा गाभा मोजणं आणि आटोक्यात ठेवणं हा आहे : सेन्सर, ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, पीएलसी आणि डीसीएस (प्लांटवर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकप्रणाली), लूप ट्यूनिंग. रिफायनरी, खत कारखाना, औषध कारखाना, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट यांच्या कंट्रोल रूममध्ये हीच मंडळी बसलेली असतात.

अमेरिका : बी.ई. मागे पडतं, एम.एस.चा कोड पुढे येतो

पहिला घोळ नावाचा. आपल्याकडे ईसीई म्हटलं की 'सी' म्हणजे कम्युनिकेशन. अमेरिकेत ईसीई विभाग म्हणजे इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. आपल्या इलेक्ट्रिकल आणि ई अँड टीसी या दोन्ही शाखा तिथे एकाच विभागात मावतात. तिथलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही आपल्यापेक्षा वेगळं : महाराष्ट्रात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे व्यवहारात कॉम्प्युटर सायन्स, तिथे त्या नावाखाली प्रोसेसर आर्किटेक्चर, डिजिटल डिझाइन, एम्बेडेड असं हार्डवेअरच्या जवळचं शिकवतात. त्यामुळे ई अँड टीसीच्या विद्यार्थ्याला एम.एस. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दार सहज उघडतं. एम.एस. कॉम्प्युटर सायन्ससाठी मात्र डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम्स, डिस्क्रीट मॅथ्स हे विषय मार्कशीटवर दिसावे लागतात. इन्स्ट्रुमेंटेशन नावाचा विभाग तिथल्या विद्यापीठांत सहसा सापडत नाही. कंट्रोल्स हा विषय इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि केमिकलमध्ये वाटलेला असतो. अर्ज करताना इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याने यातल्या कंट्रोल्स किंवा रोबोटिक्सच्या गटाकडे जायचं.

दुसरी गोष्ट कोडची. अमेरिकेत प्रत्येक कोर्सला सहा आकडी सीआयपी कोड असतो आणि तो तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापलेला असतो. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी ओपीटी ही परवानगी १२ महिन्यांची. कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने, एकूण ३६. १४ ने सुरू होणारे सगळे इंजिनिअरिंग कोड आणि ११ ने सुरू होणारे कॉम्प्युटरचे बहुतेक कोड या यादीत आहेत. इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सचा १४.१००१, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा १४.०९०१. म्हणजे आपल्या तिन्ही शाखांतून पुढे इंजिनिअरिंगचंच एम.एस. केलं तर इथे अडचण नाही. अडचण येते ती इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटच्या सीमेवरच्या कोर्सेसमध्ये. जाहिरातीत दोन कोर्स जुळे वाटतात, पण एकाचा कोड यादीत असतो, दुसऱ्याचा नसतो. प्रवेश घेण्याआधी विभागाला ईमेल करून कोड लेखी मागवा.

ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. स्टेमची मुदतवाढ धरून ही मर्यादा १५० दिवस होते. मुदतवाढीत कंपनी ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्याचा कामाचा हक्क तपासणाऱ्या सरकारी योजनेत नोंदलेली लागते आणि काम डिग्रीशी थेट निगडित असावं लागतं. पॉवर सिस्टिम्समध्ये एम.एस. करून वेब डेव्हलपरची नोकरी धरणाऱ्यांची कोंडी इथेच होते, कारण हा संबंध आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यात कागदावर मांडावा लागतो. पुढे एच-वन-बी या कामाच्या व्हिसाला तोच प्रश्न अधिक कडकपणे विचारला जातो. तिथे वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. इतक्या वेगाने हलणाऱ्या एका देशावर चार वर्षांची डिग्री बेतू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आता एक अशी बाब, जी ॲडमिशनच्या गडबडीत कुणी सांगत नाही. संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञानावर अमेरिकेत आयटार नावाचे नियम लागू आहेत. त्या कामावर सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतले जातात. एरोस्पेस घेऊन तिकडे गेलेल्या भारतीय मुलांना रॉकेट आणि विमानांच्या बहुतेक कंपन्या मुलाखतीलाही बोलवत नाहीत, त्याचं कारण हे. मेकॅनिकल घेतलेला मुलगा तेच फ्लुइड मेकॅनिक्स शिकून एचव्हीएसी (वातानुकूलन), वाहन, टर्बाइन अशा खुल्या क्षेत्रांत जाऊ शकतो. ई अँड टीसीच्या आतही हीच रेघ आहे : रडार, अँटेना, आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) यांमधल्या बऱ्याच नोकऱ्या संरक्षण कंपन्यांत, म्हणून बंद, चिप डिझाइन आणि व्हेरिफिकेशन बरंचसं खुलं. आरएफची खरंच आवड असेल तर युरोप डोळ्यांसमोर ठेवा.

इलेक्ट्रिकल पॉवरसाठी तिथे मागणी आहे, पण परवान्याचा एक जिना चढावा लागतो. सबस्टेशन किंवा इमारतीच्या वीज आराखड्यावर सही करायला पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवाना लागतो : आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग पीई परीक्षा. एफई ११० प्रश्नांची, सहा तासांची. ती शिकत असतानाच, म्हणजे गणित ताजं असताना देऊन टाकावी. सल्लागार कंपन्यांत रेझ्युमेवरची ती एक ओळ उपयोगी पडते. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे एफईला त्यांचा स्वतंत्र पेपर नाही, पण पीईला 'कंट्रोल सिस्टिम्स' आहे, आणि ती परीक्षा वर्षातून एकदाच, ऑक्टोबरमध्ये होते. आणखी एक फरक : आपली मानकं बऱ्याच अंशी युरोपातही चालणाऱ्या आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळतात. अमेरिका ६० हर्ट्झवर चालते आणि तिथे वायरिंगला एनईसी (नॅशनल इलेक्ट्रिकल कोड) ही नियमावली. आपल्याकडे शिकलेलं केबल सायझिंगचं कोष्टक तिथे चालत नाही. तत्त्व तेच, आकडे वेगळे.

जर्मनी : इथे मार्कशीट अक्षरशः मोजली जाते

शाखेचा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे अडतो तर जर्मनीत. तिथलं सरकारी विद्यापीठ शाखेच्या नावावर समाधान मानत नाही. मास्टर्सच्या नियमपत्रकात लिहिलेलं असतं, की गणिताचे इतके ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), इलेक्ट्रिकलच्या मूलभूत विषयांचे इतके, अमुक विषयांचे इतके. तेवढे भरले नाहीत तर ९ सीजीपीएसुद्धा वाचवत नाही.

हिशेब असा करतात. समजा तुमची चार वर्षांची डिग्री १६० क्रेडिटची आहे. युरोपात एका वर्षाचं पूर्णवेळ शिक्षण ६० ईसीटीएस, चार वर्षांचं २४०. २४० भागिले १६० म्हणजे आपला एक क्रेडिट ढोबळमानाने दीड ईसीटीएस. मॅथ्सचे तीन पेपर प्रत्येकी ४ क्रेडिटचे असतील तर १२ क्रेडिट, म्हणजे १८ ईसीटीएस. विद्यापीठाने २४ मागितले असतील तर ६ कमी पडले. हे तिसऱ्या वर्षात कळलं तर न्यूमरिकल मेथड्स किंवा प्रोबॅबिलिटीसारखा ४ क्रेडिटचा इलेक्टिव्ह घेऊन खड्डा भरता येतो. डिग्री हातात आल्यावर कळलं तर काही करता येत नाही. काही विद्यापीठं उरलेले विषय तिकडे येऊन पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश देतात, काही सरळ नकार कळवतात.

शाखानिहाय खड्डे ठरलेले आहेत. इलेक्ट्रिकलवाल्याला सहसा सिग्नल प्रोसेसिंग आणि कम्युनिकेशन कमी पडतं. ई अँड टीसीवाल्याला मशीन्स आणि वीजप्रणाली. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याचा खड्डा जास्त खोल असतो : इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स हा पेपर त्यांच्या अभ्यासक्रमात बहुधा नसतोच, आणि जर्मनीत इलेक्ट्रोटेक्निक (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग) म्हटलं की फील्ड थिअरी पायाभूत धरली जाते. म्हणून निव्वळ 'इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग अँड इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी' अशा मास्टर्ससाठी पहिल्या दोन शाखा सुरक्षित. इन्स्ट्रुमेंटेशनचं नाणं ऑटोमेशन, सेन्सर टेक्नॉलॉजी, मेकाट्रॉनिक्स अशा मास्टर्समध्ये चालतं, विशेषतः उपयोजित शिक्षण देणाऱ्या होखशुलंमध्ये. नोकरीच्या दृष्टीने ती कमी प्रतीची मुळीच नाहीत. त्यांचा आजूबाजूच्या कारखान्यांशी घट्ट संबंध असतो आणि प्रबंधही अनेकदा कंपनीत बसून लिहिता येतो.

आणि हो, ई अँड टीसी करून तिथे 'इन्फॉर्माटिक'ला, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला जाऊ, हा बेत बहुतेकदा फसतो. थिअरी ऑफ कम्प्युटेशन, अल्गोरिदम, डेटाबेस यांचे ईसीटीएस नसतात. ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं त्या रकान्यात धरली जातील असं समजू नका. डिग्रीच्या मार्कशीटवर क्रेडिटसकट आलेला विषयच मोजतात. इथे एआयसीटीईची मायनर डिग्रीची सोय कामाची आहे : १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर करता येते आणि ते विषय अधिकृत कागदावर येतात.

गुणांचं रूपांतर बव्हेरियन सूत्राने होतं : १ + ३ × (कमाल − तुमचे) ÷ (कमाल − उत्तीर्ण). सीजीपीए ८.२, कमाल १०, उत्तीर्ण ४ धरलं तर १ + ३ × १.८ ÷ ६, म्हणजे १.९. उत्तीर्ण ५ धरलं तर तेच गुण २.०८ होतात. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, त्यामुळे दुसरा आकडा नुकसानीचा. तुमच्या विद्यापीठाचा किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट किती, हे सांगणारा अधिकृत तक्ता ट्रान्सक्रिप्टच्या मागे छापलेला असतो. तो स्कॅन करायला विसरल्यामुळे चांगल्या मुलांचे अर्ज खाली घसरतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी इथे जादा सावध राहावं. त्यांच्या डिग्रीच्या मार्कशीट तीनच वर्षांच्या असतात आणि पहिल्या वर्षाचं गणित त्यात नसतं. डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीट आणि अभ्यासक्रम सोबत जोडावे लागतात, तरीही काही विद्यापीठं ते गणित मोजत नाहीत. अशांनी बी.ई.त गणिताचा जादा विषय मिळत असेल तर सोडू नये. कॅनडासाठी मूल्यांकन करून घेतानाही डिप्लोमाचे कागद लागतातच.

पैसा आणि मुदत थोडक्यात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचं) सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून सातव्या सेमिस्टरलाच तयारी ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या टीयूएमने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यासाठी २०२६ मध्ये वार्षिक पगार ५०,७०० युरो लागतो. टंचाईच्या क्षेत्रांत आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ४५,९३४.२० युरो पुरतात. इंजिनिअरिंग त्या टंचाईच्या यादीत आहे. जर्मन भाषा बी१ पर्यंत (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) असेल तर ब्लू कार्डनंतर २१ महिन्यांत कायमचा वास्तव्य परवाना मागता येतो. ए१ वर २७ महिने.

भाषेच्या बाबतीत तिन्ही शाखांची गत सारखी नाही. चिप डिझाइनवाल्याचं इंग्रजीवर निभतं. सबस्टेशन किंवा कारखान्याच्या ऑटोमेशनवर काम करणाऱ्याला फोरमनशी, इलेक्ट्रिशियनशी बोलावं लागतं, सुरक्षा सूचना वाचाव्या लागतात. तिथे बी२ शिवाय टिकाव नाही. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन जर्मनीच मनात असेल तर दुसऱ्या वर्षापासून तिकडे वर्ग लावा. शेवटच्या वर्षात घाईघाईने ए१ उरकल्याने काही साधत नाही.

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आखात : इथे मानांकन बघतात

वॉशिंग्टन अकॉर्ड हा इंजिनिअरिंग डिग्री परस्पर मान्य करण्याचा करार. भारत जून २०१४ मध्ये एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) या मानांकन देणाऱ्या संस्थेमार्फत त्याचा पूर्ण सदस्य झाला. एवढंच ऐकून लोक निश्चिंत होतात, आणि तीन बारकावे निसटतात.

एक, एनबीएचं मानांकन कॉलेजला मिळत नाही, कोर्सला मिळतं. त्याच कॉलेजात ई अँड टीसीला असेल आणि इन्स्ट्रुमेंटेशनला नसेल, असं सर्रास असतं. दोन, करारात फक्त टिअर-१ चं मानांकन धरलं जातं, म्हणजे विद्यापीठं आणि स्वायत्त संस्था. विद्यापीठाशी संलग्न साध्या कॉलेजचं मानांकन टिअर-२ चं असतं आणि ते करारात बसत नाही. कॉलेज नुकतंच स्वायत्त झालं असेल तर जुनं टिअर-२ आपोआप बदलत नाही. तीन, मानांकनाला मुदत असते आणि तुमचं उत्तीर्ण होण्याचं वर्ष त्या मुदतीत पडावं लागतं. एनबीएच्या संकेतस्थळावर कॉलेज, कोर्स, टिअर आणि मुदत चारही गोष्टी दिसतात. दहा मिनिटांचं काम आहे. कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर विसंबू नका.

याचाच एक परिणाम : एखाद्या कोर्सच्या किमान दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय मानांकनासाठी अर्जच करता येत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, एआय अँड डेटा सायन्स अशा नव्या नावांच्या कोर्समध्ये सुरुवातीच्या बॅचेसना ते नसणारच. नव्या नावाची शाखा वाईट असते असं नाही, पण ऑस्ट्रेलिया किंवा आखात मनात असेल तर जुन्या, रुंद नावाची शाखा जास्त दारं उघडते.

ऑस्ट्रेलियात 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था स्थलांतरासाठी पात्रता तपासते. डिग्री अकॉर्डमध्ये बसली तर ट्रान्सक्रिप्ट आणि प्रमाणपत्रावर काम भागतं. नाही बसली तर सीडीआर हा स्वतःची क्षमता दाखवणारा अहवाल लिहावा लागतो : प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्दांचे तीन करिअर एपिसोड, त्यातल्या परिच्छेदांना क्रमांक आणि त्या क्रमांकांवर आधारलेलं गोषवारापत्रक. एपिसोडमध्ये 'आम्ही केलं' चालत नाही, 'मी केलं' लागतं, आकडेमोडीसकट. नोकरीचा अनुभव नसेल तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालतो. म्हणून चौघांत मिळून विकत आणलेला प्रोजेक्ट पुढे महागात पडतो. लिहायला स्वतःचं काही नसतं, आणि तयार मजकूर नकल तपासणीत पकडला जातो. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आणि टेलिकम्युनिकेशन्स इंजिनिअर हे तीन वेगळे व्यवसाय कोड आहेत. सॉफ्टवेअर इंजिनिअरची तपासणी तर दुसरीच संस्था, एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी), करते. ई अँड टीसी करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याची डिग्री एका दारातली आणि अनुभव दुसऱ्या दारातला होतो, आणि अनुभवाची वर्षं कापली जातात.

कॅनडात स्थलांतर आणि परवाना या दोन निराळ्या खिडक्या आहेत. स्थलांतराच्या कोडमध्ये इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आहेत, २१३१०. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतर योजनेची स्टेम यादी बदलली तेव्हा नव्या यादीत हा कोड, मेकॅनिकल आणि सिव्हिल होते. सॉफ्टवेअर इंजिनिअर बाहेर गेले. यादीत नाव असणं म्हणजे आमंत्रण येणं नव्हे, पण 'बाहेर फक्त कॉम्प्युटरलाच किंमत' या समजुतीला यातून छेद जातो. परवाना प्रांताकडून मिळतो आणि त्याशिवाय स्वतःला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवून घेणं कायद्याने बंद आहे. ओंटारिओने मे २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढली, हे भारतीयांसाठी मोठं पाऊल ठरलं.

आखातात नाव आणि मानांकन दोन्ही बघतात. २०१८ मध्ये कुवेतने इंजिनिअर म्हणून रहिवास परवाना हवा असेल तर तिथल्या सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र लागेल असा नियम केला आणि भारतीय डिग्रींसाठी एनबीएची कसोटी लावली. वर्षानुवर्षं तिथे काम करणारे हजारो भारतीय इंजिनिअर अडकले. सौदीत सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी सक्तीची आहे. इन्स्ट्रुमेंटेशनची खरी पेठ मात्र इथेच आहे. तेल, वायू आणि गोड्या पाण्याच्या प्लांटमध्ये 'बी.ई. इन्स्ट्रुमेंटेशन' हेच नाव जाहिरातीत मागतात. दोन-तीन वर्षं भारतातल्या ईपीसी (प्रकल्पाची रचना, खरेदी आणि उभारणी करणाऱ्या) कंपनीत किंवा चालू प्लांटवर घालवून, पीअँडआयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) वाचणं, लूप चेकिंग, कंट्रोल व्हॉल्व्ह सायझिंग आणि एका तरी डीसीएसवर हात बसवून गेलेल्याला मास्टर्सची गरज पडत नाही. तीन शाखांपैकी कर्ज न काढता परदेशी पोचवणारी वाट कुठली, असं विचाराल तर हीच.

मग फॉर्म कसा भरायचा

चिप किंवा एम्बेडेडची ओढ असेल आणि अमेरिका-जर्मनी दोन्ही खुले ठेवायचे असतील तर ई अँड टीसी. सोबत कॉम्प्युटरची मायनर. वीज, ग्रिड, इलेक्ट्रिक गाड्या यांत मन रमत असेल तर इलेक्ट्रिकल. तीन शाखांत सर्वाधिक देशांत निःशंक ओळखलं जाणारं नाव हेच आहे आणि आज त्याची किंमत कटऑफपेक्षा जास्त आहे, असं आम्हांला ठामपणे वाटतं. थेट नोकरीवर आखातात जायचं असेल तर इन्स्ट्रुमेंटेशन. पण शुद्ध इलेक्ट्रिकलच्या जर्मन मास्टर्सची आशा त्यावर ठेवू नका. टिअर-१ मानांकन असलेल्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल आणि मानांकन नसलेल्या कॉलेजातलं ई अँड टीसी असा पेच पडला, तर आम्ही इलेक्ट्रिकल वर लिहू.

कॉम्प्युटर लॅबमध्ये रमणाऱ्या मुलाला बळेच मशीन्सकडे ढकलू नका, हेही तितकंच खरं. कंटाळून केलेल्या शाखेत केटी लागतात आणि जर्मनीपासून कॅनडापर्यंत ट्रान्सक्रिप्ट सगळीकडे उघडून बघतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षात असाल तर शाखा बदलता येणार नाही, पण कागद जमवता येतात. प्रत्येक सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाची तुमच्या पॅटर्नची प्रत आजच उतरवून ठेवा, कारण पॅटर्न बदलला की संकेतस्थळावरून जुनी प्रत गायब होते आणि चार वर्षांनी कॉलेजच्या ऑफिसात ती कुणाला सापडत नाही. त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. प्रोजेक्टचा अहवाल, त्यातली तुमची स्वतःची आकडेमोड आणि तारखा जपून ठेवा. दहावीपासून पासपोर्टपर्यंत नाव एकाच क्रमाने लिहिलेलं आहे ना, ते तपासा. महाराष्ट्राच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी येतं, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला ही दोन माणसं वाटली तर त्या एका कारणाने फाइल अडून राहते.